कोंकणच्या किनाऱ्यानें आठ दिवस

सुटीचे दिवस जवळ आले कीं घरोघर एकच वाद सुरू होतो: यंदा जावयाचें कोठें? कोणी थंड हवेचें ठिकाण सुचवितो, कोणी दूरच्या तीर्थाचें नांव घेतो, आणि शेवटीं जेथें गतवर्षीं गर्दीचा कंटाळा येऊन परतलों होतों तेथेंच पुन्हां जाण्याचें ठरतें. आमच्या घरीं हा वाद यंदा एका वाक्यानें मिटला. आमच्या मातोश्री, वय वर्षें ऐंशी, एका डोळ्यानें जवळजवळ अधू, कांहींच न विचारतां म्हणाल्या, “मला एकदां माहेरचा समुद्र दाखवा. दिसतो आहे तोंवर.”

त्यांचें माहेर वेळणेश्वराच्या पलीकडचें एक लहानसें खेडें. लग्न होऊन पुण्यास आल्यावर पहिलीं कांहीं वर्षें जाणें-येणें होतें. पुढें मामा मुंबईस गेले, घर विकलें गेलें, आणि चाळीस वर्षांत त्या गांवीं जाण्याचें कारणच उरलें नाहीं. आतां कारण मिळालें. फाल्गुन शुद्ध सप्तमीस आम्ही, आमच्या सौभाग्यवती, धाकटी कन्या, महाविद्यालयांत शिकणारा भाचा आणि मातोश्री असे पांच जण मोटारीनें निघालों. कन्येची आठ दिवसांची शाळा बुडाली हें खरें. पण ह्या आठ दिवसांत ती जें शिकली तें कोणत्याहि इयत्तेच्या पुस्तकांत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

ताम्हिणी घाट उतरून माणगांव, मंडणगड करीत सायंकाळीं वेळासला पोहोंचलों. बाणकोटच्या खाडीजवळचें हें गांव नाना फडणविसांचें मूळ गांव म्हणून इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक असेल. अलीकडे मात्र त्याची कीर्ति कासवांमुळें झाली आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्रीं वाळूवर येतात, मागील पायांनीं खळगा करून त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालतात, आणि वाळू सारखी करून मागें वळूनहि न पाहतां समुद्रांत निघून जातात. पूर्वीं हीं अंडीं कोल्ह्याकुत्र्यांच्या व माणसांच्या तोंडीं पडत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें येथें संरक्षणाचें काम हातीं घेतलें. गांवकरी पहांटे किनारा धुंडाळतात, सांपडलेलीं अंडीं जाळीच्या कुंपणांत तशाच खळग्यांत पुरतात, आणि दीड-दोन महिन्यांनीं पिलें वर आलीं कीं तीं समुद्रांत सोडतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात व थंड राहिली तर नर, हें ऐकून भाचा थक्क झाला.

अष्टमीस पहांटे आम्ही किनाऱ्यावर उभे होतों. टोपलींतून काढलेलीं दहा-बारा काळसर पिलें, तळहातावर मावतील एवढीं, वाळूवर ठेवण्यांत आलीं. पहिली लाट आली तशी दोन उलथीं झालीं, पुन्हां सरळ झालीं, आणि पाण्याच्याच दिशेनें चालूं लागलीं. मोठ्या झालेल्या माद्या वर्षांनंतर आपल्या जन्मस्थळाच्या आसपासच अंडीं घालावयास परततात, असें तेथील कार्यकर्त्यानें सांगितलें. त्यावर आई म्हणाल्या, “म्हणजे बाळंतपणाला माहेरीं येते म्हणा कीं!” सारे हंसले. त्या मात्र शेवटचें पिलूं दिसेनासें होईपर्यंत आपल्या चांगल्या डोळ्यानें पाहत राहिल्या.

येथेंच आईनीं आम्हांस कोंकणांतला जुना हिशेब शिकविला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतों. तिथीच्या आंकड्यास तीनानें गुणावें व चारानें भागावें. जें येईल तें पूर्ण भरतीचें घड्याळ. अष्टमीस आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळीं सहा व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनीं, म्हणजे मध्यान्हीं व मध्यरात्रीं, ओहोटी. कृष्ण पक्षांत पुन्हां प्रतिपदेपासून मोजावें. हिशेब ढोबळ आहे, आणि मुंबईहून दक्षिणेस जावें तसतशी भरती थोडी आधींच येते. तरी तो आधाराला पुरतो. चंद्रामुळें भरती रोज पाऊण तासाहून थोड्या अधिक उशिरानें येते, हेंच त्यांतलें मर्म. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य ह्यांची ओढ एकवटते, पाणी पुष्कळ चढतें आणि तितकेंच उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या आसपास त्या दोन ओढी आडव्या पडतात व पाणी बेतानें हलतें. ती भांगाची भरती. घरांत पंचांग असलेल्या माणसाला समुद्राचें वेळापत्रक घरबसल्या कळतें, ही गोष्ट पुण्यास इतकीं वर्षें पंचांग उलटूनहि आमच्या ध्यानीं आली नव्हती.

वेळासहून केळशी, आंजर्ले, हर्णै असा किनाऱ्याकिनाऱ्यानें रस्ता आहे. हर्णैच्या समोर पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग आम्हीं किनाऱ्यावरूनच पाहिला. मुरुडची पुळण लांब, सपाट व मुलांच्या खेळण्यास सोयीची. हें मुरुड म्हणजे महर्षि कर्व्यांचें गांव. सतरा-अठरा वर्षांचा तो मुलगा परीक्षेसाठीं येथून सह्याद्रि चढून साताऱ्यापर्यंत पायीं गेला होता, आणि दिसण्यांत लहान वाटतो म्हणून परीक्षेस बसूं न देतां त्याला परत पाठविलें होतें. ही गोष्ट भाच्याला सांगितली तेव्हां तो गार वाऱ्याच्या मोटारींत बसला होता. तो कांहीं बोलला नाहीं. आम्हींहि अधिक बोललों नाहीं.

नवमीस दाभोळची खाडी ओलांडली. मोटारीसकट माणसें पलीकडच्या धोपाव्यास नेणारी मोठी नाव आहे. ती नसती तर चिपळूणावरून मोठा वळसा पडला असता. त्याच संध्याकाळीं गुहागरास आलों. गुहागरची पुळण सुमारें सहा किलोमीटर लांब, पांढुरक्या वाळूची, मागें सुरूचें बन, आणि त्यामागें नारळी-पोफळींच्या वाड्या. व्याडेश्वर हें कित्येक चित्पावन घराण्यांचें कुलदैवत. तेव्हां ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांस हें गांव पाहिल्याशिवायहि आपलें वाटेल. पोर्तुगीज लोक ह्या जागेस ‘ब्राह्मणांचा उपसागर’ म्हणत, असा उल्लेख जुन्या रत्नागिरी गॅझेटियरांत आहे. व्याडेश्वराचें, दुर्गादेवीचें आणि उफराट्या गणपतीचें दर्शन घेतलें. समुद्र गांवावर चालून येऊं लागला तेव्हां ह्या गणपतीनें पूर्वेकडचें तोंड फिरवून पश्चिमेकडे केलें, अशी कथा आहे. जेवणास कुयरीच्या फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, सोलकढी आणि केळीच्या पानांतली पानगी. पुण्यांतील खानावळींत कोंकणी म्हणून जें मिळतें त्याचें नांव येथें घेऊं नये, हें बरें.

गुहागरांत एक गोष्ट आमच्या डोळ्यांस खुपली. गांवाचा रस्ता लांबच लांब आहे, आणि घरें सारीं रस्त्याकडे तोंड करून बसलीं आहेत. मागें वाडी, वाडीमागें सुरूचें बन, आणि त्याहि मागें तो अप्रतिम समुद्र. एवढें सौंदर्य पाठीशीं टाकून आमच्या पूर्वजांनीं धुळीच्या रस्त्याकडे ओसऱ्या कशाला काढल्या? सौंदर्याची दृष्टिच नव्हती काय? आम्हीं हें मोठ्यानें बोलून दाखविलें. आई सुपारी कातरीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

एकादशीचा दिवस त्यांच्या माहेरासाठीं राखला होता. वेळणेश्वराची पुळण अर्धचंद्राकृति, माडांच्या रांगेनें वेढलेली व शांत. आम्हीं पाहिलेल्या सर्व किनाऱ्यांत डोळ्यांना अत्यंत सुखद. महादेवाचें दर्शन घेऊन आम्ही पुढच्या खेड्यांत गेलों. घर सांपडलें. कौलें जाऊन वर पत्रा आला होता, ओटीवर फरशी आली होती, पण बाहेरची विहीर तीच होती. नव्या मालकीणबाईंनीं आईंचें नांव ऐकतांच त्यांस खुर्ची दिली, उपवास म्हणून शहाळें फोडलें, आणि “घर आंतून पाहतां का?” म्हणून विचारलें. आई म्हणाल्या, “नको. तुमचा संसार आहे. मला वाडींतून पलीकडे जाऊं द्या म्हणजे झालें.”

त्या काठी टेकीत माडांमधून चालूं लागल्या. वाट त्यांना आठवत होती. आम्हीच मागें अडखळत होतों. वाडीच्या टोंकाला करवंदीचें दाट कुंपण, त्याला एक वाट, आणि त्यापुढें उघडी वाळू. तेथें येऊन त्या थांबल्या. समुद्र पन्नास पावलांवर होता. आम्हीं हात पुढें केला. त्यांनीं मान हलविली. “आम्ही मुली इथपर्यंतच यायचों. ग्रहणाच्या स्नानाला काय तें पाण्यांत. तेंहि वडील माणसांचा हात धरून. एरवीं पाला गोळा करायचा, पडलेले नारळ वेंचायचे, आणि परत.” जन्मापासून अठरा वर्षें त्या ह्या समुद्राच्या आवाजांत झोंपल्या आणि उठल्या होत्या, पण त्याच्याकडे नुसतें पाहत बसल्याचें त्यांना आठवत नव्हतें. त्या कुंपणापाशीं अर्धा तास उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “चला.”

द्वादशीस बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणून सकाळीं लौकरच हेदवीस गेलों. दशभुज लक्ष्मीगणेशाचें मंदिर प्रसिद्धच आहे. परंतु समुद्राकडील बामणघळ पाहावयाची तर भरतीचीच वेळ गांठली पाहिजे. काळ्या कातळाला एक अरुंद चीर पडली आहे. भरतीची लाट तींत कोंडते आणि जोरानें उंच उसळते. अंगावर तुषार आले तशी कन्या ओरडूं लागली. एक ब्राह्मण ह्या घळींत पडून नाहींसा झाला म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. ओला कातळ निसरडा असतो. चित्र काढून घेण्याच्या नादांत कडेवर जाऊं नये. दुपारीं तवसाळहून नावेनें खाडी ओलांडून जयगडास आलों, आणि वाटेंत मालगुंडास उतरलों. १८६६ सालीं येथें केशवसुतांचा जन्म झाला. त्यांच्या घराच्या जागीं १९९४ पासून स्मारक उभें आहे. मराठी कवितेस नवें वळण लावणाऱ्या ह्या पुरुषाचें घर किती साधें होतें हें मुलांना अवश्य दाखवावें.

त्रयोदशीचा दिवस गणपतिपुळ्यास. डोंगर हाच गणपति मानला असल्यामुळें प्रदक्षिणा डोंगराची, सुमारें एक किलोमीटरची. देवळाच्या पायऱ्यांपासून पुळण सुरू होते. रंगानें, लाटांनीं, सूर्यास्तानें ती अतिशय देखणी. आणि, येथें वाचकांनीं कृपा करून लक्ष द्यावें, स्नानास धोक्याची. किनारा लगेच खोल होत जातो. तशा सूचनेचे फलक लावलेले आहेत. ते आम्हीं वाचले होते.

दुपारीं दोनचा सुमार. भाचा पुण्याच्या तलावांत रोज पोहणारा. तो पाण्याकडे निघाला तेव्हां आई म्हणाल्या, “आतां नको रे. आज त्रयोदशी, उधाण दोन दिवसांवर आलें. पाणी उतरतें आहे, ओढ असेल.” भाचा हंसून म्हणाला, “आजी, मला पोहतां येतं.” आणि आम्ही, हें लिहितांना लाज वाटते, आम्हीहि हंसलों. “गुडघाभर पाण्यांत जाऊं दे,” असें आम्हींच सांगितलें.

गुडघाभर पाणी कमरेएवढें केव्हां झालें तें कळलें नाहीं. दोन लाटांच्या मधला एक पट्टा जरा शांत दिसत होता. तो तिकडे वळला. त्यानंतर त्याचें डोकें जितक्या वेळां दिसलें तितक्या वेळां तें अधिक दूर दिसलें. तो किनाऱ्याकडे तोंड करून हात मारीत होता, आणि मागें मागें जात होता. आम्हांस पोहतां येत नाहीं. सौभाग्यवती ओरडत होत्या. नारळाच्या गाड्याजवळचा एक तरुण, दोराला बांधलेली मोटारीची फुगविलेली ट्यूब घेऊन, धांवत आला. तो भाच्याच्या समोरून पाण्यांत शिरला नाहीं, तीस-चाळीस पावलें बाजूला जाऊन शिरला, आणि हात आडवा करून ओरडला, “कडेला, कडेला ये! सरळ येऊं नको!” पांच मिनिटें गेलीं असतील, आम्हांस ती घटका पुरती आठवतहि नाहीं. दोघे ट्यूब धरून बऱ्याच अंतरावर बाहेर आले.

मागाहून त्या तरुणानें समजावून दिलें. लाटांनीं किनाऱ्यावर ढकललेलें पाणी परत जावयास एखादी अरुंद वाट शोधतें. त्या वाटेनें तें जोरानें आंत धांवतें. तेथें लाट फुटत नाहीं, म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित भासते. त्या प्रवाहाशीं झुंजलें तर पट्टीचा पोहणाराहि दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला झालें कीं ओढ संपते; मग लाटाच बाहेर आणतात. पैसे देऊं केले ते त्यानें घेतले नाहींत. गाड्यावरचे पांच नारळ मात्र विकत घ्यावयास लावले.

त्या रात्रीं कोणी कोणाशीं बोलेना. भाचा आजीच्या पायांशीं बसून होता. आईनीं त्याला रागें भरलें नाहीं, आम्हांसहि नाहीं. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, “गुहागरांत तूं विचारत होतास ना, घरांची पाठ समुद्राकडे कां म्हणून? अरे, ती पाठ नव्हे. मधें वाडी ठेवलेली असते. वारा माडांनीं खायचा, खारें पाणी सुरूनें अडवायचें, आणि मग माणसानें राहायचें. वडील माणसाच्या अंगावर पाय पसरून कोणी बसतं का? अंतर ठेवूनच बसायचं असतं. आवाज ऐकूं येत असतोच कीं.”

आमच्या पूर्वजांस सौंदर्याची दृष्टि नव्हती, हें आमचें मत आम्ही येथें परत घेतों.

चतुर्दशीस आरे व वारे ह्या जोडपुळणींवरून रत्नागिरीस आलों. हा रस्ता डोंगराच्या कडेनें जातो, आणि वरून दिसणारें दृश्य सर्व प्रवासांत आम्हांस श्रेष्ठ वाटलें. एका टेकडीनें विभागलेल्या दोन शुभ्र पट्ट्या, आणि खालीं सुरूचें बन. रत्नागिरींत पाहण्यासारखें पुष्कळ आहे: लोकमान्यांचें जन्मस्थान, आणि १८८६ पासून १९१६ पर्यंत येथें बंदिवासांत राहिलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा १९१० सालीं पुरा झालेला राजवाडा. किल्ल्याच्या एका अंगास पांढरा समुद्र व दुसऱ्या अंगास, मांडवीकडे, काळा समुद्र. काळेपणा पाण्याचा नव्हे, वाळूचा; तींत लोखंडाच्या जातीचीं खनिजें मिसळलेलीं आहेत. कन्येनें लोहचुंबक फिरविलें तर त्याला काळ्या कणांची दाढी फुटली.

जाणाऱ्यांसाठीं चार शब्द. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यांत समुद्रांत पाऊल घालूं नये. रेल्वेनें जावयाचें तर गुहागरास चिपळूण व गणपतिपुळ्यास रत्नागिरी हें स्थानक सोयीचें. फाल्गुनांत शिमग्याच्या पालख्या गांवोगांव निघतात, तो सोहळा चुकवूं नये. उतरण्यास घरगुती सोय पाहावी. जेवण शुचिर्भूत व रुचकर मिळतें आणि चार गोष्टी कळतात. आपला कचरा आपणच परत आणावा. वेळासच्या वाळूंत प्लॅस्टिकचा एक तुकडा दिसला तरी लाज वाटते. आणि पाण्यांत उतरण्यापूर्वीं तेथल्या माणसाला विचारावें. तो हो म्हणेल तरच उतरावें.

सायंकाळीं साडेचारास काजळीच्या पुलावरून भाट्याच्या पुळणीवर गेलों. ओहोटी पुरी झाली होती. वाळू दूरवर सपाट, ओली, आरशासारखी. पाणी पातळ होऊन पसरलें होतें. आईनीं आकाशाकडे पाहिलें, ओठांतल्या ओठांत कांहीं मोजलें, चपला काढल्या आणि भाच्याला म्हणाल्या, “आतां धर माझा हात.”

दोघे हळूहळू पुढें गेले. घोट्याएवढ्या पाण्यांत त्या थांबल्या. लुगड्याचा ओचा जरा उचललेला, काठी भाच्याच्या हातीं. कन्येनें विचारलें, “आजी, दिसतंय का?” त्या म्हणाल्या, “दिसायचं काय आहे त्यांत? लागतंय पायांना.”